मान ताठ ठेवून नमस्कार

तीर्थरूप मामा यांस,

डोकं टेकवून नमस्कार, असं लिहायला घेतलं होतं, पण तुम्हाला खोटं कसं लिहू? डॉक्टरांनी पंधरा दिवस डोकं कशालाही टेकवायचं नाही अशी सक्त ताकीद दिली आहे. उशीला नाही, भिंतीला नाही, खुर्चीच्या पाठीला नाही. (वडीलधाऱ्यांच्या पायांचं त्यांनी वेगळं नाव घेतलं नाही, पण 'कशालाही' म्हटल्यावर पाय त्यात आलेच.) तेव्हा हा नमस्कार उभ्यानेच, मान ताठ ठेवून करतो आहे. भाचा माजला असं कृपा करून समजू नका. गेले बारा दिवस मी ज्या अवस्थेत काढले आहेत ती पाहिलीत, तर तुम्ही स्वतःच उठून मला खुर्ची द्याल.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आई ठणठणीत आहे. आवाज तर विशेष ठणठणीत आहे, त्याचा प्रत्यय आमच्या दुकानाच्या मालकांना नुकताच आला, ते पुढे येईलच. हे सगळं फोनवर न सांगता मी पत्र का लिहायला बसलो असं तुम्हाला वाटेल. मामा, राग मानू नका, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि तो हातात धरून गॅलरीत येता. मागच्या वर्षी मला मूळव्याधीचा त्रास झाला, तेव्हा पहिलं औषध मला तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी सुचवलं होतं. या वेळची गोष्ट त्याहून नाजूक आहे. (मामी, मामांचा चष्मा सापडत नाही म्हणून पत्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवत असाल, तर आधी गॅलरीचं दार लावून घ्या.)

लावलंत? मग सांगतो. मी डोक्यावर केस लावून घेतले.

टोप नव्हे. खरे केस, माझेच. टक्कल पडलं तरी मागे कानापासून कानापर्यंत जो एक पट्टा शेवटपर्यंत माणसाची साथ सोडत नाही, तिथून एकेक केस मुळासकट काढायचा आणि पुढे जिथे दुष्काळ आहे तिथे टोचून लावायचा. एका वाफ्यातलं रोप दुसऱ्या वाफ्यात लावतात तसंच. बावीसशे रोपं लावली. सात तास लागले. डोकं बधिर केलं होतं त्यामुळे दुखलं काही नाही, पण मन बधिर करण्याचं इंजेक्शन अजून निघालेलं नाही, त्यामुळे मी सात तास छताकडे बघत घाम गाळत होतो. सुरुवातीला त्यांनी सगळं डोकं भादरलं आणि माझ्या हातात आरसा दिला. मामा, आरशात तुम्ही होता. तोच कपाळाचा पसारा, तेच कान. एक क्षण मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलं आणि तुम्ही मला बखोटीला धरून घरी न्यायला आलात. मी आरसा पटकन परत दिला.

छत्तिसाव्या वर्षी ही अवदसा कुठून आठवली, असं तुम्ही विचाराल. सांगतो, पण ते सांगायला दुकानापासून सुरुवात करावी लागेल. आमच्या रंगाच्या दुकानात मी रंग जुळवायच्या मशीनवर बसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. लोक भिंतीचा ढलपा आणतात, पडद्याचा तुकडा आणतात, एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या फाटकाचा रंग खरवडून कागदात गुंडाळून आणला होता. त्यातून हुबेहूब तोच रंग काढून देणं हे माझं काम, आणि स्वतःच्या तोंडाने सांगू नये पण त्यात माझा हात धरणारा इथे दुसरा नाही. आता आमच्या मालकांचा एक नियम आहे. दुकानाचं नाव छापलेली टोपी प्रत्येकाने सकाळी शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत घालायची. बाकीचे कुरकुरतात. मी सहा वर्षांत एकदाही कुरकुरलो नाही. मालक मला शिस्तीचा माणूस समजतात आणि नव्या लोकांना माझं उदाहरण देतात. शिस्त कसली, टोपीखाली काय आहे ते माझं मला माहीत.

तर या दुकानात तीन वर्षांपासून एक बाई येतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवतात, हाताने, ब्रशने. दुकानातले सगळे त्यांना पाटीताई म्हणतात. मी ताई म्हणत नाही, याची कृपया नोंद घ्यावी. मी 'ऐका ना' म्हणतो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या की दवाखान्याच्या पाटीवरचा लाल वेगळा आणि 'आत येऊ नये'चा लाल वेगळा, पहिल्याने धीर यायला हवा आणि दुसऱ्याने धाक बसायला हवा. मी तीन डबे बनवले, तिसरा त्यांना पसंत पडला, आणि मामा, मी तिथेच गारद झालो. त्यानंतर तीन वर्षं काउंटरच्या त्या बाजूला त्या आणि या बाजूला मी आणि माझी टोपी. महिन्यापूर्वी त्या म्हणाल्या, माझ्या बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ते बरे झाले की एका रविवारी घरी या, त्यांना भेटा. आणि हे बोलताना त्या ब्रशचे केस मोजल्यासारखं काहीतरी करत होत्या. मी मूर्ख असलो तरी इतका मूर्ख नाही. मला अर्थ कळला. तो रविवार म्हणजे हा येता रविवार.

आनंद किती वेळ टिकला म्हणता? जेमतेम रस्ता ओलांडेपर्यंत. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवला आणि डोक्यात आलं, कोणाच्या घरी गेल्यावर टोपी काढावी लागते. घरात टोपी घालून बसणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. त्यातून वडिलांना नवी दृष्टी येणार. इतकी वर्षं धूसर बघणारा माणूस आता लख्ख बघणार, आणि बघणार काय, तर माझं टक्कल. मी घाबरलो. घाबरलो की माणूस जाहिराती नीट वाचत नाही. 'दहा दिवसांत कामावर रुजू' असं लिहिलं होतं, मी समजलो दहा दिवसांत केस. सही करून, पथ्याचा कागद हातात पडल्यावर कळलं की लावलेले केस आधी महिन्याभरात गळतात, मग चार महिने काहीच होत नाही, आणि खरं पीक दिसायला वर्ष लागतं. म्हणजे रविवारी माझ्याकडे जुने केस नाहीत, नवे केस नाहीत, आणि डोकं मात्र लाल. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत.

लालीबद्दल आता नीट सांगतो, कारण माझी खरी काळजी तीच आहे. जिथे जिथे टोचलं तिथे तिथे लाल ठिपका, आणि ठिपके इतके जवळ की सगळं कपाळाच्या वरचं मैदान लाल. डॉक्टर म्हणाले, साहजिक आहे, खपल्या आठ-दहा दिवसांत पडतील, लाली काही आठवड्यांत उतरेल, कोणाची लवकर, कोणाची उशिरा. 'काही आठवडे' हे माप मामा, मला चालत नाही. मी थेंब मोजून रंग बनवणारा माणूस. म्हणून मी आमच्या दुकानाचं लाल रंगांचं कार्ड घरी नेलं. त्यावर सहा चौकोन आहेत, फिक्याकडून गडदकडे: लाजरी, कोवळं डाळिंब, पिकलं डाळिंब, ओली वीट, भाजकी वीट, आणि शेवटी बंबाचा लाल. रोज सकाळी न्हाणीघरात आरशासमोर उभं राहायचं, कार्ड कपाळावर धरायचं, जुळणाऱ्या चौकोनासमोर तारीख घालून खूण करायची. पहिले तीन दिवस भाजकी वीट. पाचव्या दिवशी ओली वीट. आठव्या दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी सकाळी, पिकलं डाळिंब. मी हिशोब केला की या गतीने येत्या रविवारपर्यंत मी लाजरीवर पोचतो, आणि लाजरी काय, कोणाच्याही कपाळावर शोभते.

मधल्या काळात मी दवाखान्यात इतके फोन केले की तिथल्या फोन घेणाऱ्या बाई आता माझा आवाज ऐकताच 'काय म्हणते लाली?' असं विचारतात, जशी ती माझी धाकटी बहीण आहे. दुखतंय का, ताप आहे का, पू आहे का, असं त्या विचारतात, मी तिन्हीला नाही म्हणतो, आणि मग त्या म्हणतात की तुम्ही बरे आहात. आणि फोन ठेवतात. बरा असलेल्या माणसाची इतकी उपेक्षा मी कुठे पाहिली नाही. सहाव्या दिवशी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "घरात कोणाची त्वचा अशी पटकन लाल होते का? म्हणजे राग आला, लाज वाटली की लगेच?"

मामा, इथे मला थोडं पाणी पिऊन यावं लागलं.

तुम्ही बस चालवायचात तेव्हा मी शाळा सुटल्यावर तुमच्याच गाडीत मागच्या लांब सीटवर बसायचो, आठवतं? बाबा गेल्यानंतरची ती वर्षं. समोर तुमचं डोकं दिसायचं. कोणी आडवी गाडी घातली की ते मानेपासून वर लाल होत जायचं, आणि रोजचे प्रवासी ते बघून आपापल्या दांड्या घट्ट पकडायचे. पुढे ब्रेक लागणार हे त्यांना तुमच्या डोक्यावरून कळायचं. आणि मामी डबा द्यायला थांब्यावर यायच्या तेव्हाही ते लाल व्हायचं, तेव्हा मात्र कोणी दांडी पकडायचं नाही, सगळे नुसते हसायचे. मी शेजारच्या माणसाला सांगायचो, ते माझे मामा आहेत. न विचारता सांगायचो. कोणी म्हटलं की पोरगा मामावर गेलाय, तर मला दोन दिवस जेवण गोड लागायचं.

आणि डॉक्टरांना मी काय सांगितलं? मी म्हणालो, "नाही. आमच्या घरात असं कोणी नाही." का म्हणालो, माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, मग थोडं लक्ष ठेवू या. ते 'लक्ष ठेवू या' तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

आता आईचं. आईला मी आज सकाळपर्यंत यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला काय सांगितलं, तर दुकानात वरच्या फळीवरून थिनर डोक्यावर सांडलं, त्यामुळे डोकं भादरावं लागलं आणि कातडी लाल झाली. मला वाटलं, बिनतोड थाप आहे. पण मी आईला विसरलो. मी घरी उशांच्या ढिगाला पाठ टेकून, डोकं अधांतरी ठेवून बसलेलो असताना, ती बाजारात जाते म्हणून गेली ती थेट दुकानात. मालकांना तिने गिऱ्हाइकांसमोर जे ऐकवलं ते मला नंतर तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं, पण 'माझ्या पोराच्या डोक्याशी खेळता' हे तिघांच्याही सांगण्यात होतं. मालक भला माणूस. त्यांना वाटलं, आपल्या दुकानात अपघात झाला आणि या शिस्तीच्या मुलाने आपल्याला त्रास नको म्हणून तो लपवला. त्यांनी माझी आठवड्याची रजा भरपगारी केली, सगळं थिनर खालच्या फळीवर आणलं, आणि 'थिनरचे डबे वरच्या फळीवर ठेवू नयेत' अशी पाटी करायला सांगितली. पाटी कोणाला करायला सांगितली असेल? बरोबर. म्हणजे जिच्यापासून डोकं लपवण्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तिलाच माझ्या डोक्याची पाटी रंगवायला दिली. (दुसरा लाल वापरला त्यांनी, धाकाचा. सुंदर झाली आहे पाटी. रोज माझ्या समोर असते.)

सोमवारी मी कामावर गेलो. टोपीला मागे इलॅस्टिक असतं, ते कापून टोपी सैल केली, कारण घट्ट काही घालायचं नाही. सैल टोपी खाली वाकलं की नाकावर येते, म्हणून मी सध्या वाकत नाही. डबा खाली पडला की त्याच्याकडे नुसता बघतो. पण हे सगळं सोसलं असतं, मामा. सोसलं नाही ते त्या सकाळी कार्डाने दाखवलेलं. आदल्या दिवशी पिकलं डाळिंब, आणि सोमवारी भाजकी वीट. दोन घरं मागे. मंगळवारी भाजकी वीट. बुधवारी मला ती बंबाच्या लालकडे झुकलेली वाटली. मी काय केलं नाही? पाण्याचा फवारा दिवसातून दहा वेळा, खाजवणं बंद, आंघोळ कपानं डोक्यावर पाणी ओतून. तरी लाली चढतेच आहे. दवाखान्याच्या बाई म्हणाल्या, फोटो पाठवा. फोटो न्हाणीघरातच काढला, तो बघून त्यांनीही या वेळी लगेच 'बरे आहात' म्हटलं नाही, शुक्रवारी येऊन दाखवा म्हणाल्या.

काल, म्हणजे बुधवारी, दुपारी आमच्या पाट्यांच्या बाई दुकानात आल्या. मी ते खुणांचं कार्ड मशीनजवळ ठेवलं होतं (शेवटची खूण पुन्हा पडताळून बघत होतो), ते त्यांनी उचललं. तारखा बघितल्या. ही कोणाची भिंत, विचारलं. मी म्हणालो, एका गिऱ्हाइकाची. नवीन काम केलंय, त्यानंतर लाल दिसायला लागली आहे, कमी होत होती, अचानक वाढली. त्यांनी खुर्ची ओढली. कामाची गोष्ट निघाली की त्या अशाच बसतात. किती दिवस झाले, विचारलं. अकरा, म्हणालो. म्हणाल्या, अकरा दिवसांत ओलं काम कुठे वाळतं, भिंतीला वेळ द्या. कोणी सारखं बोटं लावून बघतं का? मी म्हणालो, मालक जरा तसा आहे. झाकून ठेवली आहे का? मी टोपी सावरत म्हणालो, बऱ्यापैकी. मग त्या म्हणाल्या, झाकू नका, हवा लागू द्या, झाकलेली भिंत वाळत नाही. आणि मग त्यांनी जे विचारलं, ते ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"या खुणा दिव्याखाली केल्यात की उन्हात?"

मामा, गेली सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच वाक्य सांगत आलो आहे: दिव्याखाली रंग ठरवू नका, दारापर्यंत चला, उन्हात बघा. दिव्याचा पिवळा उजेड पडला की लाल जास्त लाल दिसतो, हे मी झोपेतही सांगेन. आणि रविवारी संध्याकाळी आमच्या न्हाणीघरातला पांढरा दिवा गेला, तर आईने कपाटात पडलेला जुना पिवळा दिवा लावला. मीच स्टूल धरलं होतं. सोमवारपासूनच्या सगळ्या भाजक्या विटा त्या दिव्याच्या. मी जगाच्या भिंती उन्हात आणल्या आणि स्वतःचं कपाळ न्हाणीघरात तपासलं.

बाई पाटीचं सामान घ्यायला आत गोदामात गेल्या तसा मी कार्ड आणि बिलं फाडायच्या टेबलावरचा छोटा आरसा घेऊन मागच्या अंगणात पळालो, जिथे रिकामे डबे ठेवतात. भरदुपार, लख्ख ऊन (उन्हात उभं राहायचं नाही अशीही ताकीद आहे, पण मी फक्त मिनिटभरच उभा राहणार होतो). टोपी काढली. कार्ड धरलं. कोवळं डाळिंब. मामा, कोवळं डाळिंब. मी तीनदा पाहिलं. डोळ्यात पाणी आलं, ते उन्हामुळे नव्हे. मग मान वळवून दोन्ही बाजू पाहिल्या, मागची बाजू पाहिली, आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो. वळलो तेव्हा गोदामाचं मागचं दार उघडं होतं. तिथे कोणी नव्हतं. पण ते दार मी गेलो तेव्हा बंद होतं की उघडं, हे मला काही केल्या आठवत नाही, आणि काल दुपारपासून मी तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करतो आहे. दुकानात आलो तर बाई सामान घेऊन निघून गेल्या होत्या. नेहमी निरोप घेतल्याशिवाय जात नाहीत.

असो. लालीचं हे असं आहे. तुम्ही म्हणाल, मग आता कोवळ्या डाळिंबावर आलास, काळजी कसली? काळजी आहे, मामा. आता जे लिहिणार आहे त्यासाठीच हे सगळं पुराण लावलं. (मामी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका. मामांना चष्मा शोधून द्या. तो बहुधा पाण्याच्या पिंपावर असतो.)

मंगळवारी मी माझ्या फोनवर बाईंना एका पाटीचा फोटो दाखवत होतो. बोट सरकलं आणि तुमचा फोटो आला. निवृत्तीच्या दिवशीचा, बसच्या पायरीवर उभे आहात, मागे वळून कोणाशी तरी बोलताय, ऊन थेट डोक्यावर, आणि मागचा तो उजव्या कानाच्या वरचा उंचवटा स्पष्ट दिसतोय. त्यांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाल्या, किती प्रसन्न डोकं आहे, माझ्या बाबांचंही असंच. माझ्या बावीसशे केसांच्या मुळाशी त्या क्षणी काय झालं ते त्या केसांनाच माहीत. आणि मग त्यांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "आमच्या ओळखीचे आहेत एक."

बसमध्ये न विचारता सांगणारा मी, विचारल्यावर असं म्हणालो. तुम्ही मला फी भरून शिकवलंत, सायकल शिकवलीत, बाबांच्या जागी उभे राहिलात, आणि मी तुम्हाला ओळखीचे केलं. केस लावले तेही, उलगडून सांगायचं तर, तुमच्यासारखं दिसू नये म्हणूनच लावले. हे मी स्वतःला आजवर अशा शब्दांत सांगितलं नव्हतं. काल अंगणात मान वळवून मागची बाजू पाहिली, तेव्हा तो उंचवटा दिसला. माझ्याही उजव्या कानाच्या वर आहे. केसांखाली छत्तीस वर्षं होता, मला माहीतच नव्हता. मी बराच वेळ उभा राहिलो तो त्यासाठी.

मला माफ करा. रागावलात तर रागवा, तुम्हाला अधिकार आहे. तुमचं डोकं आत्ता लाल झालं असेल तर मामींनी दांडी पकडावी.

तुमच्या कानांचा, कपाळाचा आणि (आता कळलं) उंचवट्याचाही वारस,
तुमचा भाचा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. रविवारी तुम्ही माझ्याबरोबर चला. वडीलधारं माणूस बरोबर हवं म्हणून नव्हे, मला एकट्याला जाण्याचा धीर नाही म्हणून. सकाळच्या गाडीने निघालात तर अकरापर्यंत पोचाल, मी स्टँडवर येतो. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य मी बोलणार आहे, 'हे माझे मामा'. त्यासाठी तुम्ही समोर असलेलं बरं, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मफलर गुंडाळून येऊ नका. डोकं उघडं असू द्या.

ता. क. दुसरा. आईला आज सकाळी खरं सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली (बारा दिवसांतला सगळ्यात भीतीचा काळ), मग म्हणाली की मालकांची माफी मागायला तूच जायचं, आणि दादाला हे पत्र तू स्वतः लिहायचंस, मी फोन करणार नाही. न्हाणीघरात पांढरा दिवा लावला आहे.

ता. क. तिसरा. शुक्रवारची वाट न बघता आज दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांनाच मागितलं. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही घरात कोणाची त्वचा पटकन लाल होते का असं विचारलं होतं, तर होते. माझ्या मामांची होते. राग आला की होते आणि मामी आल्या की होते. डॉक्टर हसले आणि म्हणाले, हे तेव्हाच सांगायला हवं होतं, ही तुमच्या घरची कातडी आहे, बाकी सगळं चांगलं आहे, लाली जायला थोडे आठवडे जास्त लागतील इतकंच. म्हणजे खरं सांगितलं असतं तर माझे सहा दिवस वाचले असते.

ता. क. चौथा. पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं, म्हणून पाकीट असं दिसतंय. दुपारी बाई स्वतः आल्या नाहीत, पाटीच्या नमुन्यांच्या कागदात एक चिठ्ठी पाठवली. त्यांचंच वळणदार अक्षर, ब्रशने लिहिलेलं, धीराच्या लाल रंगात. जशीच्या तशी उतरवतो:

"थिनर इतकं रांगेत सांडत नाही. रविवारी भिंत उघडीच घेऊन या. आणि फोटोतल्या त्या ओळखीच्या गृहस्थांनाही आणा, मागून डोकं तुमचंच आहे."

चिठ्ठी वाचून आरशासमोर गेलो. दिवा पांढरा, ऊनही होतं, तरी पुन्हा भाजकी वीट. या वेळी मी फोन केला नाही.

मामा, या हो रविवारी. त्या दिवशी पंधरा दिवस पुरे होतात. स्टँडवर उतरलात की चार लोकांसमोर आधी डोकं टेकवतो, मग सामान घेतो.